‘टचलेस’ धुलाईने गाडीचा रंग खरोखरच सुरक्षित राहतो का?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगली-मिरज रस्त्यावरील एका नव्या धुलाई केंद्राची चित्रफीत काल या चर्चामंचावर कोणीतरी टाकली आणि तिच्याखाली लिहिले की, ‘टचलेसमध्ये गाडीला हातच लागत नसल्यामुळे रंगाला शून्य धोका आहे, बादली-फडके घेऊन गाडी धुणाऱ्यांनी आता तरी शहाणे व्हावे.’ मी बादली-फडके घेऊनच गाडी धुतो, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

मळ आपोआप उतरत नाही. हात लावायचा नाही असे ठरवले, की घासण्याचे सारे काम पाण्याच्या दाबावर आणि रसायनावर येऊन पडते. परदेशातील अनेक स्वयंचलित टचलेस केंद्रांत आधी आम्लधर्मी आणि मग अल्कधर्मी द्रावण मारतात ते याच कारणासाठी. आपल्याकडे कॅनमधून सुटा येणारा, लेबल नसलेला फोम किती सामूचा (pH), म्हणजे किती तीव्र आहे, हे केंद्रचालकालाही सांगता येत नाही. कंपनीतून आलेला क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर, चिवट असतो आणि एकदोन धुलायांनी त्याला काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु तीव्र फोमने त्यावरचे मेण धुऊन जाते, सिरॅमिक कोटिंगवरून पाणी ओघळेनासे होते आणि खिडक्यांभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कायमच्या निस्तेज होतात. एका केंद्रात तर जेटची नळी अगदी टेकवल्यासारखी धरल्यामुळे माझ्या बंपरवरचा रंग तळहाताएवढा उडाला, आणि वर मलाच ऐकवण्यात आले की, रंग कच्चा होता. यालाच शून्य धोका म्हणायचे असेल, तर म्हणा.

वाळवेकर

महोदय, ती चित्रफीत मीच टाकली होती. गळीत हंगामात आमच्या वाळवा तालुक्यात एक रात्र गाडी उघड्यावर ठेवून पाहा. शिवारात पाचट पेटवलेले असते, कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जळत असतो, आणि सकाळी बॉनेटवर काळी राख पसरलेली असते. या राखेत सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्याच कठीण द्रव्याचे, प्रमाण मोठे असते. तिच्यावर फडके फिरवणे म्हणजे चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या, केसापेक्षाही पातळ अशा क्लिअरकोटवर स्वतःच्या हाताने रेघोट्या ओढणे होय. माझ्या चुलत्यांच्या काळ्या सेडानवर चालक रोज सकाळी मोठ्या निष्ठेने सुके फडके मारत असे. आज ती गाडी उन्हात उभी केली, की सबंध छतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. मेण गेले तर पुन्हा लावता येते, पण गेलेला क्लिअरकोट कोण परत लावणार? राहिला आपला बंपर. तो पुन्हा रंगवलेला होता की कंपनीचा, हे लिहायचे आपण सोयीस्करपणे विसरलात.

कृष्णाकाठ (सांगली)

पुन्हा रंगवलेला होता. परंतु या जिल्ह्यातील अरुंद गल्ल्यांत ज्याचा बंपर पुन्हा रंगवावा लागलेला नाही, असा गाडीमालक मला दाखवा.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

आपण दोघेही अशा वस्तूवर भांडत आहात, जी आपल्याकडे जवळजवळ अस्तित्वातच नाही. साताऱ्यात ‘टचलेस’ची पाटी लावलेल्या केंद्रात मी स्वतः उभा राहून पाहिले आहे. फोम मारला, जेट मारला, इथपर्यंत सारे पाटीप्रमाणे होते. त्यानंतर दोन मुले आली आणि आधीच्या जीपची चाके पुसलेल्या ओल्या फडक्याने त्यांनी माझे छत पुसायला घेतले. हात न लावता धुतल्यावर धुळीचा एक बारीक थर रंगावर राहतोच, कारण काही मळ घर्षणाशिवाय सुटतच नाही. आणि सहापदरीकरणाचे काम चालू असले, की महामार्गावरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर खडी-सिमेंटची धूळ असते. त्या उरलेल्या थरावर असे फडके फिरले, की ओरखडे उमटणारच, आणि त्यासाठी पैसेही टचलेसचेच मोजायचे.

धुलाई केंद्रचालक (कुपवाड)

मी या व्यवसायात आहे, म्हणून लिहितो. मी सौम्य शाम्पू वापरतो, नळी फूटभर तरी लांब धरायला लावतो आणि छत व चाके यांची फडकी वेगळी ठेवतो. याची किंमत ग्राहकाला सांगितली, की तो रस्त्याकडेच्या रॅम्पचा दर तोंडावर फेकतो. पुसायचे नाही, गाडी ब्लोअरने वाळवू, असे म्हटले तर दहा मिनिटे थांबायची त्याची तयारी नसते. उलट गाडीखाली डिझेलचा फवारा मारा, असा आग्रह मात्र असतो, मग खालची रबरी बुशे फुगून खराब झाली तरी चालतात. आमच्यावर टीका जरूर करावी, पण घाई कोणाला असते, हेही एकदा लिहावे.

जतकर

फोम आणि फडके यांच्या गदारोळात पाण्याविषयी कोणीच बोललेले नाही. कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. घरातील हीटरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या बॉनेटवर थेंब सुकताच डाग होऊन बसतो, आणि तो वेळीच काढला नाही तर क्लिअरकोटमध्ये उतरतो. आमच्या तालुक्यात प्यायला टँकरची वाट पाहावी लागत असताना सांगलीकर गाडीवर जेट सोडतात, याविषयी तर बोलायलाच नको.

वाळवेकर

पाण्याचा न्यायनिवाडा येथे नको. माझे नेहमीचे केंद्र सॉफ्टनरमधून, म्हणजे जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातून, आलेले पाणी वापरते, त्यामुळे डागांचा प्रश्नच उद्भवत नाही.

जतकर

प्रश्न उद्भवतो. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आणून ठेवतो. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारे टीडीएस मीटर लावून पाहा, आकडा जवळपास तोच येईल. डाग पडतातच, फक्त ते पुसल्यावर निघतात. म्हणजे शेवटी पुन्हा पुसणे आलेच. डाग पडूच द्यायचे नसतील, तर अखेरचे पाणी आरओचे किंवा क्षार पूर्ण काढलेले हवे. आणि न्यायनिवाडा नको म्हणता, तर ऐका : आरओमध्ये शुद्ध पाण्याबरोबर भरपूर पाणी गटारातही जाते.

वाळवेकर

आपण प्रत्येक विषय टँकरपाशी नेऊन उभा करता. क्षारपड जमिनीत आम्हीही पाण्यानेच भरडलो गेलो आहोत, दुःखाचा मक्ता एकट्या जतकडे नाही.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा)

विषय गाडीच्या रंगाचा आहे, याची दोघांनाही नम्र आठवण करून देतो. केंद्रचालकांना माझा थेट प्रश्न आहे : आपण शेवटचे पाणी कोणते वापरता?

धुलाई केंद्रचालक (कुपवाड)

कूपनलिकेचे, सॉफ्टनरमधून आलेले. जतकरांचे म्हणणे बरोबर आहे, म्हणूनच मी पुसतो. गाडी सावलीत घेऊन, ओली असतानाच, जाड मायक्रोफायबर दाब न देता फिरवतो. पाटीवर मात्र ‘टचलेस’ लिहिलेले नाही, ‘फोम वॉश’ लिहिले आहे.

वाळवेकर

ठीक आहे, सॉफ्टनरचा मुद्दा दिला जतकरांना, त्यांना त्यावर एक टँकर जास्त मिळो. परंतु सुक्या राखेवर फडके मारणे टचलेसपेक्षा सुरक्षित कसे, याचे उत्तर कृष्णाकाठ यांनी अजून दिलेले नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सुक्या राखेवर मी फडके मारतो, असे मी कोठेही लिहिलेले नाही. आधी भरपूर पाण्याने राख वाहून जाऊ देतो, मग शाम्पूची एक आणि हातमोजा खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या घेतो, वरून खाली येतो आणि चाके शेवटी धुतो. गळीत हंगामातील राखेसाठी ती पहिली, हात न लावण्याची पायरी आवश्यकच आहे, एवढे आपले म्हणणे मी मान्य करतो. आपण मात्र त्या पायरीवरच थांबून पैसे देता आणि पुढचे काम एका अनोळखी फडक्यावर सोपवता.

वाळवेकर

दोन बादल्या, हातमोजा आणि रविवारची सबंध सकाळ. आपण निवृत्त आहात, हे आधीच सांगितले असते तर इतके लिहावे लागले नसते.