नाग नदीच्या पाण्यात ऑक्सिजनचे आकडे जुळत नाहीत

नववीचा विज्ञान गट: नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या सांडव्याखाली आणि पुढे शहरातल्या एका पुलाशी आमची मुलं नाग नदीचं पाणी विंकलर पद्धतीने (रसायनं टाकून विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पद्धत) तपासतात. सांडव्याखाली विरघळलेला ऑक्सिजन कधी ३, कधी ९ मिलिग्रॅम प्रति लिटर येतो. पुलाशी साका (रसायनं टाकल्यावर खाली बसणारा गाळ) पांढराच राहतो. रसायनं बिघडली असतील का?

पाणीतपासणी: सर, नमुन्याची वेळ कोणती? सकाळी सातचे आणि दुपारी तीनचे आकडे एकाच तक्त्यात असतील तर ते जुळणारच नाहीत. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री वापरतं. वेळ एकच ठेवा, पाण्याचं तापमानही लिहा. ३० अंशांना गोड्या पाण्यात साधारण ७.५ च मावतो, त्यामुळे त्या तापमानाला ९ आला तर शेवाळ किंवा बुडबुडे यांवर संशय घ्या.

बुडबुडे बहुधा बादलीतून ओततानाच शिरतात. ३०० मिलिची बीओडी बाटली (घट्ट बुचाची, ऑक्सिजन तपासणीची काचेची बाटली) तिरपी धरून पाण्याखालीच भरा. मग मँगनीज सल्फेट २ मिलि, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलि, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट करा. साका अर्ध्यापर्यंत बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल २ मिलि; हे शिक्षकांनीच, गॉगल आणि हातमोजे घालून. यातलं २०३ मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल (द्रावणाची तीव्रता) थायोसल्फेटने अनुमापन केलं, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब मोजून टाकलं, की जितके मिलि लागतील तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच टाका. आधी टाकला तर तो रसायनांमुळे पाण्यात सुटलेलं आयोडीन धरून ठेवतो आणि शेवटचा बिंदू नीट कळत नाही.

रसायनवाला: पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाहीच. सांडपाणी मिसळलेल्या पात्रात हे अपेक्षित आहे. खात्रीसाठी नळाचं पाणी बाटलीत अर्धवट भरून खूप हलवा, ते स्थिर झाल्यावर हीच रसायनं वापरून पाहा. तपकिरी साका आला तर रसायनं चांगली. थायोसल्फेट मात्र जुनं झालं की क्षीण होतं, मग जास्त लागतं आणि आकडा फुगतो. दर वेळी पोटॅशियम डायक्रोमेटने त्याची नॉर्मॅलिटी काढा.

नदीकाठ: एक कळकळीची विनंती, मुलांना पात्रात उतरवू नका. पुलावरून दोरीने सोडायचा सँपलर करा: वजन लावलेला झाकणाचा डबा, आत बीओडी बाटली, तिच्या तळापर्यंत नळी. डबा इतका मोठा हवा की बाटली दोन-तीनदा भरून वाहील. आणि सांडव्याच्या फेसाजवळ नमुना घेऊ नका, पडणारं पाणी हवा खेचतं. सांडवा बंद असताना खाली उरतं ते डबकं. प्रत्येक नोंदीपुढे ‘वाहतं’ किंवा ‘साचलेलं’ लिहा, नाहीतर पावसाळ्यातला आकडा आणि मे महिन्यातला आकडा यांची तुलनाच होणार नाही.