साखळी मोठ्या चक्रावर सहज चढते, लहान चक्रावर उतरताना मात्र अडते

प्रश्न: माझ्या सायकलला मागे ८ गिअर आहेत. साखळी मोठ्या चक्रावर विनातक्रार चढते. मात्र लहान चक्राकडे आणताना खटका दाबूनही पेडलचे दोन फेरे होईपर्यंत ती जागची हलत नाही आणि मग एकदम दोन चक्रे ओलांडते. साखळी साफ करून तेल दिले, डिरेलरवरचे (साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारा भाग) दोन्ही स्क्रूही फिरवून पाहिले. केबलचा ताण कमी करावा का?

उत्तर १: करून पाहा. डिरेलरपाशी केबल जिथे शिरते तेथील बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी) पाव फेरा आत घ्या. ते दोन स्क्रू मात्र आधी पूर्ववत करा. साखळी दोन्ही टोकांना चक्रांबाहेर पडू नये एवढेच त्यांचे काम असते, मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही.

उत्तर २: मला ताणापेक्षा घर्षणाची शंका अधिक येते. साखळी मोठ्या चक्राकडे जाते ती आपल्या बोटाच्या जोराने, पण परत आणण्याचे काम डिरेलरमधील स्प्रिंगला एकटीने करावे लागते. त्यामुळे केबल आवरणात घासू लागली की पहिली कुरकुर उतरतानाच ऐकू येते. साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर न्या, पेडल थांबवा आणि तसेच खटके दाबून गिअर शेवटपर्यंत उतरवा. केबल सैल पडेल व फ्रेमवरचे खाचेचे आधार असल्यास आवरण त्यांतून बाहेर काढता येईल. ते पुढेमागे सरकवून उघडी पडलेली केबल फडक्याने पुसा. डिरेलरजवळचा शेवटचा वळसा विशेष पाहा, कारण पाणी आणि चिखल तिथेच साचतो. गंज दिसल्यास तेलाने वेळ मारून नेऊ नये, केबल व आवरण दोन्ही बदलावीत.

उत्तर ३: सायकल उजव्या कुशीवर पडली होती का? हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा भाग) किंचित वाकला तरी एक गिअर जुळवताना दुसरा बिघडतो. मागे उभे राहून डिरेलरची दोन छोटी चाके चक्रांना समांतर आहेत का, ते पाहा.

प्रश्नकर्ता: सायकल पडलेली नाही आणि चाके समांतर आहेत. शेवटच्या वळशातील केबल मात्र बोटभर लांबीपर्यंत तांबूस झाली होती आणि तिची एक तारही सुटली होती. दोन्ही बदलल्यावर साखळी खटक्यासरशी उतरते. नवे आवरण आधारांत नीट बसेपर्यंत ताण थोडा सैल पडला, तेवढा अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा बाहेर घ्यावा लागला.