मदत हवी आहे: मार्टिनचं चौथं-पाचवं पुस्तक कुठल्या क्रमाने वाचू?

'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेचे आठही सीझन पाहून झालेत, त्यामुळे स्पॉयलरची भीती नाही, बिनधास्त लिहा. शेवट पटला नाही म्हणूनच मालिका ज्यांवर बेतलीय त्या जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्यांकडे वळलो. पहिली तीन पुस्तकं वाचून झाली.

अडलंय चौथ्यापाशी. २००५चं 'अ फीस्ट फॉर क्रोज' आणि २०११चं 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' यांतला बराच काळ एकच आहे, लेखकाने फक्त पात्रं वाटून टाकलीत. चौथ्यात सर्सी, जेमी, ब्रिएन. टिरियन आणि डेनेरिस थेट पाचव्यात! दीडशे पानं वाचली, पण टिरियनशिवाय जेवण अळणी लागतंय.

दोन्ही पुस्तकांची प्रकरणं मिसळून वाचण्याच्या याद्या नेटवर सापडल्या, पण दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्यात पुस्तकांतल्या प्रकरणांना आकडे नाहीत, म्हणजे सतत पानं चाळा.

माझ्याकडे छापील प्रती आहेत, नवी पेठेतून जुन्या घेतलेल्या. पाचवं दोन खंडांत आहे, त्यातला 'ड्रीम्स अँड डस्ट' हाताशी आहे. दुसरा सोलापुरात मिळेना, पुण्याहून मागवावा लागेल. किंडल नाही, मोबाईलवर वाचवत नाही.

ज्यांनी दोन्ही वाचलीत त्यांनी सांगा: मिसळायचंच झालं तर चौथं आणि हा पहिला खंड एवढ्यावर भागेल, की दुसरा आल्याशिवाय सुरूच करू नये?