पंचाहत्तरी ओलांडलेले सासरे रोज एसटीने फिरतात. अडवायचं की सोय लावायची?

सातारची सून

नमस्कार मंडळी. घरातली गोष्ट आहे, जरा लांबेल. ज्यांच्या घरी जोडीदार गेलेले पण हातीपायी धड असलेले वडीलधारे आहेत, त्यांनी नक्की वाचा. मला खरंच सल्ला हवा आहे.

माझे सासरे, अण्णा, जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक होते. निम्मी नोकरी माण तालुक्यात, निम्मी जावळीत. जन्म १९४८ चा. २०२३ मध्ये पंचाहत्तर पूर्ण झाली आणि त्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर अण्णा नुसते खिडकीशी बसून असायचे. पेपर हातात, पान तेच. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खायचे, "बास" म्हणून उठायचे. मग सकाळच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की पंचाहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट आहे. अण्णा आधार कार्ड खिशात घालून वाईला गेले, ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन दुपारी परत आले आणि रात्री जेवताना मला म्हणाले, "आज भाजी झकास झालीय." सासूबाई गेल्यापासून ताटातल्या पदार्थाबद्दल त्यांनी तोंडातून काढलेलं ते पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तेव्हापासून हे सुरू आहे. नाष्टा झाला की पिशवी खांद्याला: पाण्याची बाटली, डबा, टॉवेल, चष्मा आणि ओळखीच्या कंडक्टरांसाठी कंदी पेढ्यांचा पुडा. कधी मेढा, कधी पुसेगाव, कधी म्हसवड. गोंदवल्याला जायचं असेल तर डबा नको, मठात प्रसाद असतो. कोरेगावला गेले की वाघ्या घेवडा येतोच. आमच्याकडे घेवड्याचे दोन डबे भरलेत, तरी "हा नवा आहे" म्हणत आणतात.

आणि रोज संध्याकाळी एक गोष्ट घेऊन येतात. दहिवडीच्या गाडीत एक कंडक्टर तिकिटं फाडत आला, केस पिकलेले, पोट सुटलेलं. अण्णांनी आधार कार्ड पुढे केलं. त्याने नाव वाचलं आणि चालत्या गाडीत दांडीला धरून वाकून पाया पडला. "गुरुजी, मी चौथीत तुमच्या हाताखाली होतो." अण्णांनी त्याला तिथेच सतराचा पाढा विचारला. तो सत्राष्टेपर्यंत नीट आला आणि पुढे अडखळला, तर सगळी गाडी मदतीला धावली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी पाढा पूर्ण केला. अण्णा हे सांगत असताना त्यांचा चेहरा असा फुललेला होता की मी आमटी उतरवायची विसरले.

आता काळजीचं. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते आलेच नाहीत. फोन लागेना. रात्री नऊला आमचे हे स्टँडवर गेले, कंट्रोलरच्या केबिनमध्ये विचारलं, मग पोलीस ठाण्यात. रात्रभर आम्ही दोघं दारात बसून. सकाळी आठच्या सुमाराला अण्णा रिक्षातून उतरले, हातात नाचणीच्या पिठाची पिशवी. झालं असं की शिवसागराचं पाणी बघायला म्हणून ते दुपारी बामणोलीच्या बाजूच्या गाडीत बसले आणि ती निघाली मुक्कामी. गावात रेंज नाही. ड्रायव्हर-कंडक्टर झोपतात तिथेच, शाळेच्या खोलीत, यांचीही पथारी पडली. एका घरातून नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी आली. घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "त्या शाळेचा पट फार कमी झालाय गं." आम्ही रात्रभर काय भोगलं हे त्यांच्या लक्षात यायला दुपार झाली. मग मात्र माझा हात धरून म्हणाले, "चुकलं."

त्या दिवशी ह्यांनी अण्णांचं आधार कार्ड कपाटात घालून कुलूप लावलं. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी अण्णा मतदान ओळखपत्र घेऊन फलटणला जाऊन आले. आता बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. "त्याला सांग", "त्यांना सांग", दोन्हीकडचे निरोप माझ्यामार्फत.

अण्णांना साखर आहे, गोळी चालू आहे. फोन बटणांचा आहे आणि तोही पिशवीच्या तळाशी. ह्यांचं म्हणणं, वय झालंय, कुठे काही झालं तर कळणारही नाही. ते चूक आहेत असं मी म्हणू शकत नाही. पण अण्णांना पुन्हा त्या खिडकीत बसलेलं मला बघवणार नाही. तुमच्या घरी असं कुणी फिरतं का? काय व्यवस्था केलीत?

निवृत्त वाहक, कोल्हापूर

ताई, वाचून डोळे भरले. सगळी नोकरी मी गाडीत काढली, असे अण्णा रोज बघितलेत.

आधी कामाचं. ही सवलत म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, २६ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. आधारच पाहिजे असं नाही. मतदान ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट चालतं, फक्त वय दिसलं पाहिजे. तेव्हा कपाटाला कुलूप लावून उपयोग नाही, हे साहेबांना सांगा. प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट, पुढचं भाडं पडतं. बेळगावला निघाले तर ध्यानात असू द्या.

शून्य रकमेचं तिकीट मशीनमधून निघतं, ते मागून घ्यायचंच. त्या तिकिटांवरच सरकार महामंडळाला पैसे भरून देतं. आणि दुसरं म्हणजे त्या कागदावर गाडी, वेळ, कुठून कुठे, सगळं छापलेलं असतं. अण्णांनी गाडीत बसल्यावर ते तिकीट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवावं, पिशवीत नको. काही झालंच तर बघणाऱ्याला पहिलं तेच सापडतं.

मुक्कामी गाडीचं सांगतो. डोंगरातल्या गावांना दुपारनंतर जाणाऱ्या बऱ्याच गाड्या रात्री तिथेच थांबतात आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं, दूधवाले घेऊन निघतात. बोर्डावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून चढायच्या आधी कंडक्टरला एकच प्रश्न विचारायचा, "परत कधी?" त्याने "उद्या" म्हटलं की खाली उतरायचं. आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीत विचारून घ्यायची. शेवटची पकडायचीच नाही, तिच्या आधीची पकडायची. शेवटची चुकली की मागे काही नसतं.

आणखी एक. त्यांचे विद्यार्थी खात्यात आहेत ना? त्यातल्या दोघातिघांचे नंबर घेऊन ठेवा. कंडक्टर मंडळी एकमेकांना ओळखतात. "गुरुजी कुठल्या गाडीत आहेत" हे अर्ध्या तासात कळतं.

वाशिमची लेक

आमच्या आईचं असंच आहे, फक्त ती सत्तरीची, त्यामुळे अर्धं तिकीट. बाबा गेल्यावर ती अकोल्याला बहिणीकडे, रिसोडला भावाकडे, शेगावला दर्शनाला, अशी सतत रस्त्यावर. मीही आधी खूप चिडायची.

मागच्या वर्षी अकोल्याहून येताना तिच्या शेजारी एक बाई बसली. तिची मुलगी नर्स आहे, लग्नाचं बघताहेत, असं बोलणं निघालं. आईनं बस पातूरला पोचेपर्यंत माझ्या मामेभावाची सगळी माहिती देऊन टाकली आणि मालेगाव जहांगीरला त्या बाईच्या हातात चिवड्याचं पाकीट ठेवून "रविवारी या" म्हणून सांगितलं. आम्ही कपाळाला हात लावला. रविवारी ते लोक खरंच आले. लग्न झालं, सून गुणाची आहे, आणि मामा आता आईला दर महिन्याला विचारतो, "पुन्हा कधी निघतेस?"

तुमच्या ह्यांना माझा एक निरोप द्या. मी आईला अडवलं होतं तेव्हा ती मला न सांगता जायला लागली. ते जास्त भीतीचं होतं. आता जाण्याआधी फ्रिजवरच्या कागदावर लिहून जाते, कुठे आणि कोणत्या गाडीनं. एवढ्यानेच माझी निम्मी धाकधूक गेली.

नाशिककर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझे वडील एकोणऐंशीचे असताना गाडीतून उतरताना पडले. पायरी उंच, मागून लोकांची घाई, पाय खाली टेकायच्या आत तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण ते पूर्वीसारखे चालले नाहीत. आमचं घर त्या एका पायरीनं बदललं. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या मनात काय चाललंय ते मला अगदी नीट कळतं. ते दुष्टपणा करत नाहीयेत, घाबरलेत.

अण्णांना जाऊ द्यायचंच असेल तर उतरायची शिस्त लावा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. सगळे उतरले की मग उतरायचं. पिशवी खांद्याला अडकवायची, दोन्ही हात दांडीला मोकळे. ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, संकोच न करता मागायच्या. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या बाकावर बसू नये, खड्ड्यात माणूस अक्षरशः उडतो आणि मणक्याला मार बसतो. चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. आणि वर्षातून एकदा डोळे तपासा. माझ्या वडिलांना मोतीबिंदू होता हे आम्हाला पडल्यानंतर कळलं.

औषधवाली, सोलापूर

मी औषधाचं दुकान चालवते, म्हणून साखरेपुरतं बोलते. गोळीच्या पाकिटावर नाव बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जायची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड असेल, एकटं किंवा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत, तर जेवण चुकलं की साखर उतरू शकते. अशी माणसं प्रवासातच सापडतात, कारण गोळी सकाळी घेतलेली असते आणि गाडी उशिरा पोचल्यामुळे दुपारचं जेवण तीनला होतं. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं. लोकांना वाटतं म्हातारबाबांना गाडी लागली.

खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्यायची आणि बरं वाटल्यावर काहीतरी पोटभर खायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. "रोज फिरतात, जेवणाची वेळ पुढेमागे होते" हे त्यांना स्पष्ट सांगा. बरेच जण ते सांगतच नाहीत.

एका जाड कागदावर नाव, रक्तगट, गोळ्यांची नावं, घरचे दोन नंबर लिहून ते ओळखपत्राच्या पाकिटात ठेवा. कंदी पेढे कंडक्टरसाठी आहेत की स्वतःसाठीही, ते तेवढं बघा.

सातारची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. नाशिककर, तुमचं "घाबरलेत" हे वाचलं तेव्हा हे उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळानं आत येऊन कपाट उघडलं आणि आधार कार्ड स्वतः अण्णांच्या हातात दिलं. म्हणाले, "पण अंधार पडायच्या आत घरी." अण्णा म्हणाले, "पडला तर फोन करीन." आणि एवढ्या दिवसांनी बापलेक एका वेळी जेवायला बसले.

गोळी बघितली. दोन्ही औषधं एकत्र असलेलीच निघाली. आम्ही काल डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी वेळ बदलून दिली. फोन आता गळ्यातल्या दोरीला आहे. अण्णांना ते आवडलेलं नाही, "शाळेतल्या पोराची ओळखपट्टी" म्हणतात, पण घालतात. दहिवडीच्या त्या कंडक्टरांचा नंबर मी घेतला. त्यांनी मला "वहिनी" म्हणून सतराचा पाढा पूर्ण म्हणून दाखवला.

आता नवीन बेत निघालाय. कंडक्टरकाका, तुम्हालाच विचारते. पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावली, आणि अण्णाही त्याच सालचे. तो रस्ता त्यांना एसटीनेच जायचाय. मी बरोबर जाणार आहे, महिलांची सवलत असल्यामुळे मला अर्धं तिकीट. साताऱ्याहून कसं जावं? नगरला मुक्काम करणार आहोत.

निवृत्त वाहक, कोल्हापूर

अण्णांना माझा नमस्कार सांगा. त्या पहिल्या गाडीवर ड्रायव्हर किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे होते. आमच्या खात्यात ही नावं आदरानं घेतात.

साताऱ्याहून सकाळी लवकर स्वारगेट. नगरच्या गाड्या शिवाजीनगरच्या स्टँडवरून, म्हणजे आताच्या वाकडेवाडीहून मिळतात. मधलं अंतर पीएमपीनं किंवा रिक्षानं, तिथे एसटीची सवलत चालत नाही, सुटे पैसे ठेवा. नगरला एकाहून जास्त स्टँड आहेत, त्यामुळे चढतानाच विचारा की गाडी माळीवाड्याला जाते का. शनिवार-रविवार आणि लग्नसराई टाळा. परतीचं आरक्षण आधी करा. अण्णांचं तिकीट शून्य असलं तरी आरक्षणाचा आकार भरावा लागतो. वाटेत रांजणगावच्या गणपतीला उतरायचा मोह होईल, पण मधेच उतरलात तर पुढची गाडी भरलेली येते आणि अण्णांना उभं राहावं लागेल. दर्शन परतीच्या दिवशी, सकाळी लवकर निघून करा.