मदत हवी आहे: ‘माय ओल्ड केंटकी होम’ मुलीला कसं समजावू?

मंडळी, आम्ही अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिलला राहतो. लेक आठवीत आहे. शाळेच्या गायनवृंदात हे गाणं बसवताहेत, पण फक्त पहिलं कडवं आणि धृपद. इथे दर मे महिन्यात डर्बी ह्या घोड्यांच्या शर्यतीआधी चर्चिल डाऊन्सच्या मैदानावर हजारो लोक उभे राहून, डोळे पुसत गातात तेही एवढंच. त्यामुळे हे गावाच्या आठवणीचं गोड गाणं, असाच बहुतेकांचा समज.

लेकीने पूर्ण गाणं शोधून वाचलं आणि विचारलं, “आई, ह्या माणसाला विकलंय ना?”

बरोबर ओळखलं तिने. स्टीफन फॉस्टरचं हे गाणं 1853 साली छापलं गेलं. त्याच्या कच्च्या खर्ड्यात धृपदात निरोप होता तो ‘अंकल टॉम’ला; हॅरिएट बीचर स्टोवची गुलामगिरीवरची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी नुकतीच गाजत होती. केंटकीतल्या गुलामांना दक्षिणेत विकत, कुटुंबं तुटत. तिसऱ्या कडव्यात मान झुकलेली, पाठ वाकलेली, आणि आता थोडेच दिवस, मग उसाच्या मळ्यात सगळा त्रास संपेल. संपेल म्हणजे मरूनच. वाचताना माझ्या पोटात तुटलं.

पण हेच गाणं रंगमंचावर गायचे ते तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणारे गोरे ‘मिन्स्ट्रेल’ नट. आणि तरीही, स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1855 साली, गुलामांबद्दल कळवळा जागवणाऱ्या गाण्यांत त्याचं नाव घेतलं! 1928 साली ते राज्यगीत झालं, तेही काळ्यांसाठीच्या हिणकस शब्दासकट. 1986 मध्ये जपानहून आलेल्या तरुणांनी विधिमंडळात मूळ शब्द जसेच्या तसे गायले. तेव्हा कार्ल हाइन्स ह्या कृष्णवर्णीय आमदारांनी ठराव आणला आणि तो शब्द बदलून ‘लोक’ झाला. बदललं ते योग्यच. पण तिसरं कडवं गाळलं की गाणाऱ्याचं दुःखच पुसलं जातं, हे मला जास्त खुपतं.

इथे अमेरिकेतल्या शाळांत शिकवणारे कुणी आहेत का? संगीताच्या बाईंशी हा विषय कसा काढू? निदान कार्यक्रमाआधी दोन वाक्यांत पार्श्वभूमी सांगा, एवढंच सुचवायचं आहे. शिवाय काजळी फासण्याच्या त्या प्रथेबद्दल तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना झेपेल असं काही वाचायला सुचवाल का? पॉल रोबसन यांच्या आवाजात ऐकवलंय. आणखी कृष्णवर्णीय गायकांची ध्वनिमुद्रणं, शक्यतो तिसऱ्या कडव्यासह, माहीत असतील तर जरूर सांगा. तालमी सुरू झाल्यात, म्हणून जरा घाई आहे.