पडवीच्या वाशांचे बोल्ट फिरतायत, आवळू की लाकूडच बदलू?

पडवीकर:
गुहागरच्या बाजूला आजोबांच्या वेळचं घर आहे. कौलं परतताना दिसलं की पडवीत तीन वासे तुळईला जिथे बोल्टने धरलेत, तिथे नट आवळला की वायसर लाकडात रुततो. वरून रंग आहे, लाकूड धड दिसतं. सुतार म्हणतो जाड बोल्ट घाला, मुंबईचा भाऊ म्हणतो पत्रे टाकून मोकळा हो. काय करू?

माडाखाली:
पत्रे नको हो, दुपारी पडवीत बसवणार नाही.

खोबण_कुसू:
वायसर रुततोय म्हणजे आतून गेलंय. जोड नुसत्या लोखंडावर टिकत नाही, भोकाच्या कडेचं लाकूड दाबाला उभं राहतं म्हणून टिकतो. ते भुसभुशीत झालं की भोक लांबट होतं आणि वासा पागोळीकडे घसरतो. त्यात जाड बोल्ट म्हणजे उरलेलं चांगलं लाकूडही कोरून टाकायचं.

कुजही नेमकी तिथेच धरते. वाशाचं कापलेलं टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतं, भोकात शिरलेली ओल लवकर सुकत नाही, आणि गंज शेजारचं लाकूड खातो. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही, पण आपल्याकडे पावसात गळक्या कौलाखाली ती कुठली राहायला? तपकिरी कुज तर फार लबाड. लाकडाचं वजन जेमतेम घटलेलं असतं तेव्हाच झटका सोसायची ताकद बरीचशी गेलेली असते.

टोच्या तिरका खुपसून उचका. लांब सळी निघून कडकन वाजलं तर लाकूड जिवंत. आखूड तुकडा मुकाट मोडला तर गेलं. बोल्टपासून वर सरकत जा, खडूने खुणा करा.

पडवीकर:
केलं काका. दोन वासे वीतभर मऊ, तिसरा खणखणीत. एक बोल्ट उपसला तर दोन्ही टोकांना जाड आणि मधे कंबर, पेन्सिलीएवढी!

खोबण_कुसू:
तिसऱ्याला हात लावू नका, फक्त बोल्ट नवा घाला आणि वायसर मोठा चौकोनी. त्या दोघांना आधी टेकू द्या, मग खडूच्या खुणेपुढे आणखी हातभर चांगल्या लाकडात शिरून कापा. नवा तुकडा सागाच्या गाभ्याचा घ्या, बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही. सांध्याला दोन्ही अंगांनी फळ्या लावून बोल्ट मारा. भोक टोकापासून बोल्टच्या जाडीच्या निदान सातपट आत हवं, म्हणजे 12 मिमी बोल्टला 84 मिमी. समुद्र जवळ आहे, 316 ग्रेडचं स्टेनलेस परवडलं तर तेच. कापलेल्या टोकांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पाजा, मात्र ते पावसाने धुऊन जातं, तेव्हा वर कौल धड हवं. त्या दोन वाशांवर पाणी येतंय कुठून?

पडवीकर:
आत्ता वर चढून आलो. बरोबर त्यांच्यावरच डिशच्या छत्रीचा पाय आहे, कौल कापून बसवलेला.

माडाखाली:
मग आधी छत्री उतरवा, सुताराला नंतर बोलवा.