बिल्डिंग नुसती सजावट नाही
भयकथांमधली जुनी बिल्डिंग फक्त वातावरणनिर्मितीपुरती असते, तेच कथानक नव्या टॉवरमध्येही चाललं असतं, असं या चर्चेत वर म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. आयरा लेव्हिनची 'रोझमेरीज बेबी' (१९६७) ही भयकादंबरी घ्या (पुढे थोडा स्पॉयलर आहे). त्यात पूर्वीच्या एका अवाढव्य फ्लॅटचे मध्ये भिंती घालून तुकडे केलेत, त्यामुळे शेजाऱ्यांचं बोलणं भिंतीतून ऐकू येतं. फ्लॅटमध्ये आधी राहणाऱ्या म्हातारीने एका कपाटाच्या दारासमोर जडच्या जड टेबल का सरकवून ठेवलं असेल हा प्रश्न सुरुवातीलाच येतो आणि आपण तो विसरूनही जातो, पण शेवटी सगळं त्या कपाटापाशीच येऊन ठेपतं. म्हणजे अख्खा प्लॉटच बिल्डिंगच्या नकाशात दडलाय, टॉवरमध्ये कुठून आणणार हे?

आणि ही कादंबरी न्यूयॉर्कमधल्या डाकोटा या जुन्या बिल्डिंगमध्ये घडते असं इथे दोघातिघांनी लिहिलंय, तर कादंबरीतल्या बिल्डिंगचं नाव ब्रॅमफर्ड आहे, काल्पनिक. डाकोटा आली ती दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीच्या त्यावरच्या १९६८ च्या सिनेमामुळे, तीही फक्त बाहेरून, आतले फ्लॅट सगळे सेटवरचे. सिनेमा उत्तमच आहे, पण कादंबरी आधी वाचा.